तुझी नेहमीची चूक

चि. भवत्रातन यास,

आशीर्वाद. मस्कतला उकाडा असेल, पण तुझ्या खोलीत गार हवेचं यंत्र आहे, तेव्हा काळजी आवरती घेतो.

अच्छन आता पोटच्या मुलाला ओळखत नाहीत. काल मी कांजी वाढली तर म्हणाले, "मास्तर, तुम्ही जेवलात का?" मी तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवल्याचं एवढं चीज झालं. ऋग्वेद मात्र त्यांना अजून मुखोद्गत आहे. सकाळी ओटीवर मी म्हणतो आणि ते डोळे मिटून ऐकतात.

आपल्याला शिकवताना कोणी चुकलं, की ते त्याचं डोकं धरून स्वराबरोबर खाली-वर करायचे. तुझं डोकं रोज त्यांच्या हातात असायचं. मी कधी चुकलो नाही, त्यामुळे तो हात माझ्या वाट्याला आला नाही. मला फक्त "हं, पुढे."

गेल्या महिन्यात मुद्दाम चुकलो, तू हटकून चुकायचास तिथेच. हात आला, मान खाली गेली. "भवत्रातन, गाढवा, अजून तेच?" म्हणाले आणि हसले.

तेव्हापासून रोज चुकतो. परवा विचारत होते, "आता परत नाही ना जाणार?" मी नाही म्हणालो.

डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत, धाकट्याला बोलावून घ्या. म्हणून हे तिसरं पत्र. आधीची दोन पंचांगात ठेवली आहेत. तू आलास, की मला पुन्हा अचूक म्हणावं लागेल.

तुझा थोरला भाऊ,
जातवेदन