बाळासाठी निर्जंतुक खोली

सोमवार, ३ नोव्हेंबर १९९७
कोपरखैरणे

डॉक्टरांनी तारीख दिली आहे नाताळच्या आसपासची. म्हणजे भरपूर वेळ आहे. वैदेही सकाळपासून मागे लागली होती, पाळणा बघून ठेवा, दुपटी आणून ठेवा. तिला शांतपणे समजावलं की प्लॅनिंग म्हणजे घाई नव्हे. पंधरा डिसेंबरला सुरुवात, वीसला सगळं तयार. महाप्याला कंपनीतही मी असंच काम करतो. आम्ही खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनवतो. थोडक्यात, मेडिकल लाइन.

संकल्प : बाळ येईपर्यंत रोज डायरी आणि रोज व्यायाम. व्यायाम उद्यापासून.

दोन-चार शिंका आल्या. दिवाळीच्या फटाक्यांचा धूर अजून हवेत आहे.

बुधवार, ५ नोव्हेंबर

बाळ आलं.

काल दुपारी. मी कंपनीत होतो. शेजाऱ्यांनी वैदेहीला रिक्षात घालून वाशीला हॉस्पिटलात नेलं, मी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. मुलगी. वजन दीड किलोलासुद्धा कमी. काचेच्या पेटीत ठेवलं आहे. वैदेही ठीक आहे. काल लिहायला सुचलं नाही.

वेळेआधी येणं हे वैदेहीच्या माहेरचं वळण. ती मंडळी एस.टी. सुटायच्या तासभर आधी स्टँडवर जाऊन बसतात. आमच्या घराण्यात वेळेआधी कोणी काही केल्याचं उदाहरण नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

बाळाला बघायला गेलो. चपला काढल्या, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, हिरवा गाऊन चढवला. सिस्टरने दार उघडलं आणि मला शिंक आली. सिस्टरने तिथल्या तिथे गाऊन उतरवून घेतला. मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या, सर्दी पूर्ण बरी होईपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही, या बाळांना साधी सर्दीसुद्धा महागात पडते.

मी सांगितलं, ही सर्दी नाही, ॲलर्जी आहे. कसली, म्हणाल्या. म्हटलं, धुळीची. इथे धूळ नाही, म्हणाल्या.

दारातून चार पेट्या दिसल्या. आपली कुठली ते विचारायच्या आत दार लागलं. तेवढ्यात चारही पेट्यांकडे सारख्याच प्रेमाने बघून घेतलं.

रविवार, ९ नोव्हेंबर

निर्णय घेतला. आत घेत नाहीत ना? ठीक. बाळ घरी येईल तेव्हा त्यांच्या खोलीपेक्षा स्वच्छ खोली तयार असेल. संपूर्ण निर्जंतुक. डॉक्टरीणबाईंना बोलावून दाखवीन. त्यांचाच गाऊन उतरवायला लावीन.

सासूबाई चिपळूणहून आल्या. त्यांना योजना सांगितली. त्या म्हणाल्या, "हॉलच्या खिडकीत सकाळचं ऊन येतं, तिथे उबेत ठेवू. कपडे स्वच्छ हवेत आणि माणसांची वर्दळ नको. बाकी काही लागत नाही." जुन्या काळची माणसं. वाद घातला नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

रजा टाकली. बेडरूम रिकामी केली. पलंग हॉलमध्ये, कपाट स्वयंपाकघराच्या दारात. सासूबाई आता स्वयंपाकघरात आडव्या होऊन शिरतात. त्यांना व्यायामही हवाच आहे.

भिंती फिनेलच्या पाण्याने घासून धुतल्या. दिवाळीत दिलेला पांढरा चुना ओघळून निघाला आणि खालचा जुना हिरवा रंग वर आला. हॉस्पिटलातही हिरवाच असतो. म्हणजे हे आपोआप जमून आलं.

दिवसभर भिजल्यामुळे नाक जास्त वाहतं आहे. फिनेलमुळे आतून साफ होत असणार.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज उकळण्याचा दिवस. वाट्या, चमचे, दुपटी, लंगोट, सगळं मोठ्या पातेल्यात. खुळखुळाही टाकला. तो वितळून चमच्यांना चिकटला. खुळखुळ्याने तसाही बाळाची झोपमोड झाली असती.

सासूबाईंनी येताना लोकरीचं टोपडं विणून आणलं होतं, तेही उकळलं. आता ते लिंबाला बसेल. मी म्हटलं, बाळ लहानच आहे. तेव्हापासून सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत.

रविवार, १६ नोव्हेंबर

आमच्या मोल्डिंग सेक्शनचा गोटीराम घणसोली गावात राहतो. तो काल म्हणाला होता, "साहेब, आमचे गावान बालंतिनीचे खोलीत निंबाचा धूर करतान. वायंच." आज सकाळी स्वतः पाला घेऊन आला. चांगला भारा होता. वायंच, म्हणजे थोड्याशा, धुराने वायंच जंतू मरतील, हे उघड आहे. मी सगळा भारा पेटवला. त्याआधी खिडक्यांच्या फटा, दाराच्या वरची काचेची झडप, सगळं कंपनीच्या खाकी पॅकिंग टेपने बंद केलं होतं. धूर आतच राहावा म्हणून.

तो खोलीतल्याच बाथरूमच्या पाइपातून वरच्या मजल्यावर गेला. सोसायटी जमली. वॉचमनने काहीही न विचारता दार ढकलून लाल बादलीतली रेती आत फेकली. सेक्रेटरी मला बरंच बोलले. मी खोकत असल्याने उत्तर देता आलं नाही.

गोटीराम रेती भरायला थांबला. जाताना म्हणाला, "साहेब, तुमाला सर्दी हाय. वाफ घ्या." त्याला सांगितलं, तू मोल्डिंगमध्ये आहेस, मी क्वालिटी कंट्रोलमध्ये.

थोडी रेती कोपऱ्यात राहिली आहे. रेती मुळात धुतलेलीच असते.

गुरुवार, २० नोव्हेंबर

हॉस्पिटलात गेलो. वैदेही बाळासाठी तिथेच राहते आहे. ती खाली आली, पाण्याच्या कूलरच्या पलीकडे उभी राहिली. मी अलीकडे. वाळली आहे. म्हणाली, बाळ आता वाटी-चमच्याने दूध घेतं. डॉक्टरीणबाई तिला पदराच्या आत, छातीशी धरून बसायला सांगतात. तेवढ्यानेच बाळाला ऊब मिळते.

कशी दिसते, विचारलं. तिने थोडा विचार केला. "सुरकुतलेली. माझ्या बाबांसारखी."

म्हटलं, जाईल ते हळूहळू. ती हसायला लागली. मग हसता हसता रडायला लागली. म्हणाली, परवा बाळ श्वास घ्यायचं विसरलं होतं. सिस्टरने तळव्यावर टिचकी मारली तेव्हा घेतला. "तुम्ही नव्हतात."

मी कूलरला वळसा घालून पुढे झालो आणि शिंकलो. हॉस्पिटलच्या वॉचमनने दंड धरून मला परत अलीकडे आणलं.

पाणी प्यायलो आणि घरी आलो. फरशी परत पुसली.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

खोली तयार. दाराला रबराची पट्टी ठोकली, आता मुंगी शिरणार नाही. आत वेगळ्या चपला. खुंटीला गाऊन (वैदेहीच्या जुन्या परकराचा). दारावर पाटी : परवानगीशिवाय प्रवेश बंद. बाळ येईपर्यंत आत कोणीही जायचं नाही. मीसुद्धा नाही.

सासूबाई बोलायला लागल्या आहेत. आज म्हणाल्या, "नाक पुसा."

शनिवार, २९ नोव्हेंबर, सकाळी

आज बाळ घरी येणार! वजन मनासारखं वाढलं. सासूबाई आणायला गेल्या आहेत. मला रिक्षातसुद्धा नको म्हणाल्या. बरंच झालं, कोणीतरी इथे स्वागताला हवं. दाढी केली. दारात उभं राहून चार वाक्यं बोलावीत म्हणतो. खोलीची कल्पना कशी सुचली वगैरे.

दुपारी

मंडळी आली आहेत. मी निर्जंतुक खोलीत आहे.

झालं असं. वैदेही आणि बाळ खाली रिक्षातच होती. सासूबाई एकट्या आधी वर आल्या, बघायला. मी पाटी काढून दार उघडलं. त्यांनी आत डोकं घातलं आणि पदर नाकाला लावून बाहेर काढलं. डोळ्यांतून पाणी. म्हणाल्या, "या वासात तिला ठेवायचं? इथे झुरळ जगणार नाही हो!" मी म्हटलं, तोच तर उद्देश आहे.

मग त्यांनी हॉलमधल्या पलंगावर, खिडकीतल्या उन्हात, अंथरूण घातलं. पलंग तिथे मीच आणला होता, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. पुढे म्हणाल्या, डॉक्टरांनी बजावलंय, सर्दीचं माणूस घरात वेगळं ठेवा. घरात तसं माणूस एकच निघालं. त्यांनी नुसतं बोट दाखवलं. बाळ जिना चढायच्या आत मी आत होतो.

दार लागलं. रबरी पट्टी उत्कृष्ट बसली आहे. बाहेरचं अक्षरही ऐकू येत नाही.

ताट आलं. सासूबाईंनी ते पायाने आत सरकवलं. माझी भांडी उकळून घेणार आहेत म्हणे.

रविवार, ३० नोव्हेंबर, सकाळी

बाळाला पाहिलं!

दारावरच्या झडपेच्या काचेतून. टेपमुळे सगळं थोडं खाकी दिसतं, पण दिसतं. बादली उपडी घालून वर चढलो. वैदेही समोर उभी, हातात टॉवेलची गुंडाळी. काचेवर टकटक केली. तिने वर पाहिलं, काहीतरी बोलली, गुंडाळी उंच धरली.

किती वेळ बघत होतो कोण जाणे. रंग लालसर. कपाळ रुंद, आमच्याकडचं. मान आखूड, तीही आमच्याकडचीच. रड नाही, चळवळ नाही, स्वभावाने विलक्षण शांत. हे थेट माझं. हात हलवत राहिलो. डोळ्यांत पाणी आलं. फिनेल.

दुपारी

ती शेकायची रबरी पिशवी होती. ताट आलं तेव्हा कळलं. वैदेही विचारत होती, ही गळते आहे, दुसरी कुठे ठेवलीत? बाळ तेव्हा सासूबाईंच्या मांडीवर होतं. झडपेतून तो कोपरा दिसत नाही.

संध्याकाळी

वैदेही दाराला तोंड लावून मोठ्याने म्हणाली, "अहो, नाकाला रुमाल बांधा आणि मागे सरका." बांधला. सरकलो. दार चार बोटं उघडलं. फटीतून आधी दुपट्याचं टोक आलं, मग पाय.

माझ्या अंगठ्यापेक्षा थोडासाच मोठा. बोटं मोजायला घेतली, तर ती हलली. परत सुरुवात केली.

हात लावू का, विचारलं. पलीकडून सासूबाई म्हणाल्या, "नाही." वैदेही म्हणाली, "सर्दी किती आहे ते बघू, मग." मी म्हटलं, कालच्यापेक्षा कमी आहे सर्दी. दार लागलं.

डावा होता. उजवा उद्या दाखवणार आहेत.