मडगार्ड परत वाकडं कर

दादा,

चिठ्ठी तुझ्या पान्यांच्या पिशवीत ठेवलीय, कारण तिला अण्णा हात लावत नाहीत. मी आईला घेऊन मालाड स्टेशनजवळच्या दवाखान्यात चाललेय. तिचं कपाळ फुटलंय, टाके पडतील. अण्णांनी सायकलच्या पंपाने मारलं. आता जेवून घोरतायत.

रविवारी तू मोठ्या हौसेने त्यांच्या सायकलचं मडगार्ड सरळ केलंस. सळई वाकवलीस, वायसर घातलेस, टायरपासून बोटभर अंतर ठेवलंस, आणि वर शाबासकीही घेतलीस. अरे, ते मडगार्ड टायरला घासायचं ना, तो आवाज विहिरीपासून घरात ऐकू यायचा. त्याच्या जिवावर आई दुपारची जेवायची. त्यांच्या आधी जेवलेलं त्यांना खपत नाही, आणि उपाशी राहिली की तिला घेरी येते. खरखर ऐकली की ती अर्ध्या जेवणावरून उठून ताट मोरीत विसळून टाकायची. आज सायकल मुकाट दारात आली. आईच्या हातात घास होता.

तुला यातलं काही माहीत नव्हतं. कसं असेल? तुझं ताट कधी कुणी लाथाडलंय?

आल्या आल्या, ते उठायच्या आत, सळई सैल कर आणि मडगार्ड पहिल्यासारखं टायरला टेकव. चांगलं केलेलं काम बिघडवायला तुझा हात धजत नसेल, तर उद्या दुपारी कामावर जाऊ नकोस. दारात उभा राहा.

शुभा