मनोहरांचा वाटा

मी, शामला मनोहर साळवे, मूळची अहमदनगरची, हल्ली राहणार रॉटरडॅम, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहिते आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचं घरच्या डॉक्टरने लिहून दिलं आहे. मन ठिकाणावर आहे का, ते त्याने विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. करोनामुळे ऑपरेशन सारखं पुढे गेलं आणि आता तारीख आली तर मला धड बसवत नाही, धड उठवत नाही. नोटरीबाई याचं डचमध्ये काय करायचं ते करतील. मी मराठीतच बोलणार.

कलम १. घर आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी हिमानी हिला. ती आयंडहोवनला असते, माझं मराठी तिला कळतं, उत्तर मात्र डचमध्ये देते. बाई गं, हे सगळं वाच. फक्त घराचं कलम वाचून कागद मिटायचा नाही.

कलम २. शिवणयंत्र आमच्या चर्चला. नवऱ्याच्या व्हिसावर इथे आले तेव्हा मला कोणी काम देईना. याच यंत्रावर लोकांचे पडदे शिवले आणि वेदीची वस्त्रंही, उपवासकाळाची जांभळी, ईस्टरची पांढरी. जो कोणी आता हे काम करील त्याने प्रभुभोजनाचा प्याला पुसायचे रुमाल आधी वेगळ्या पाण्यात खळबळावेत आणि ते पाणी झाडाच्या मुळाशी ओतावं. आम्हा अँग्लिकनांची, अमेरिकेत ज्यांना एपिस्कोपल म्हणतात त्यांचीही, ही रीत आहे. प्रार्थना होऊन गेलेला द्राक्षारस म्हणजे प्रभूचं रक्त, तो उरला तर पिऊन टाकायचा, नाहीतर मातीला द्यायचा. गटारात कधीच नाही.

कलम ३. हे कितीदा लिहिलं आणि खोडलं. आता राहू दे.

करोनामुळे चर्च बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या रविवारी मनोहर घरी अंथरुणाला खिळले होते. आजाऱ्यासाठी भाकर आणि द्राक्षारस बाजूला काढून ठेवतात, तसा त्यांचा वाटा काढलेला होता. आमच्या चर्चचा कारभारी हरीश उजागरे याने संसर्गाच्या भीतीपोटी भाकर कचऱ्यात टाकली आणि रस चर्चच्या स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतला. मनोहर दाराकडे बघत राहिले. "आणलं का गं?" एवढंच विचारायचे. ते गेले, तेव्हा दफनाला आम्ही मोजकी माणसं, तीही लांब लांब उभी. गाणं म्हणायलासुद्धा बंदी.

नंतर हरीश दर आठवड्याला माझं सामान दारात ठेवून जायचा. "काकू, एकदा बोला ना," असं दारावरच्या पत्रपेटीच्या फटीतून म्हणायचा. मी दार उघडलं नाही. पिशवी मात्र आत घेत होते, खोटं कशाला बोलू.

चर्च पुन्हा उघडलं. पण शेजाऱ्याशी वैर धरून प्रभूच्या मेजाकडे भाकर आणि रस घ्यायला जायचं नाही, हे मी लहानपणापासून शिकलेली. म्हणून मी अजून मागच्या बाकावरच बसते. हात पुढे करायची फार इच्छा होते आणि हरीश दिसला की डोकं फिरतं. हे असं घेऊन ऑपरेशनला जायची मला भीती वाटते. आज त्याला बोलावलं आहे.

कलम ४. मला मनोहरांच्याच कबरीत, त्यांच्या वर ठेवावं. माझ्या अंत्यविधीत प्रभुभोजन व्हावं आणि प्याला हरीशने धरावा. जे उरेल ते त्याने तिथेच, सगळ्यांसमोर, थेंब न ठेवता प्यावं. मग प्याला धुतलेलं पाणी बरणीत घेऊन कबरस्तानात यावं आणि मला खाली सोडायच्या आधी उघड्या मातीत ओतावं. मनोहरांचा वाटा त्यांना पोचू दे. मी मागून येते.

वर लिहिलेलं माझं आहे, दुसऱ्या कोणाचं नाही.

शामला मनोहर साळवे
रॉटरडॅम, शनिवार, ११ सप्टेंबर २०२१

साक्षीदार:
१. सुचेता भांबळ, शेजारीण
२. हरीश उजागरे. कलमं वाचली, मान्य आहेत. काकूंच्या घरात, आत बसून सही केली. उद्या सकाळी त्यांना चर्चला न्यायला येतो आहे.