भिंत वाळेपर्यंत

२ जानेवारी, सकाळी ७

वरच्या मजल्यावरच्यांना पहिलं पत्र लिहिलं. भाषा मृदू, आशय खंबीर. ‘आपल्या न्हाणीघरातून झिरपणाऱ्या पाण्यामुळे आमच्या झोपायच्या खोलीची बाहेरची भिंत कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत ओली झाली असून तीवर काळी बुरशी धरली आहे.’ ‘तीवर’ हा शब्द हल्ली कोणी लिहीत नाही. त्यांना कळेल की गाठ कोणाशी आहे. दाराच्या फटीतून आत सरकवलं. बेल वाजवली नाही. बोललेलं विरतं, लिहिलेलं उरतं.

ही लेकीकडे जाऊन अकरा दिवस झाले. बुरशीने खोकला होतो म्हणे. जाताना एवढंच म्हणाली की भिंत वाळली की कळवा. म्हणजे भिंत वाळली की येणार. सरळ आहे.

संकल्प : महिनाअखेर भिंत कोरडी. दिवसाला चहा तीनच. हिच्याशी फोनवर भिंतीचा विषय काढायचा नाही.

३ जानेवारी

तिसरा संकल्प मोडला. दोष माझा नाही. हिने सव्वीस वर्षं नववीला विज्ञान शिकवलं. तेव्हापासून हिला सगळं जग नववीत दिसतं. पुन्हा तेच सुरू केलं : वरून काही गळत नाही, खोलीतलीच वाफ भिंतीवर बसते, खिडकी चार बोटं उघडी ठेवा, ओले कपडे आत वाळत घालू नका. मी शांतपणे विचारलं, बाहेर धुकं आहे, म्हणजे ओल बाहेर आहे. मग खिडकी उघडून ती आत येईल की बाहेर जाईल? शिवाय गार वाऱ्याने माझा उजवा कान ठणकतो. बिनतोड मुद्दा. ती गप्प बसली.

तिने फोन आधीच ठेवला होता हे नंतर लक्षात आलं.

४ जानेवारी

घर आवरायला घेतलं. स्वयंपाकघरात खिळ्याला एक किल्ली लटकते आहे, लाल दोरा बांधलेली. आपल्या एकाही कुलपाला लागत नाही. हिचा पसारा. दिवाळखोर संस्थानासारखं हे घर मी एकट्याने सांभाळतो आहे.

नोव्हेंबरात हिने त्या भिंतीवर प्लास्टिकचा एक चौकोन टेप लावून चिकटवला होता तेही आठवलं. कशाला, ते सांगत होती. मी प्रूफं तपासत होतो. दिसायला वाईट म्हणून दुसऱ्याच दिवशी काढून टाकला. भिंतीला प्लास्टिक डकवणारी बाई मला विज्ञान सांगते.

चहा : पाच. किटली दिवसभर गॅसवर ठेवली की वेळ वाचतो.

६ जानेवारी

ऑफिस. संपादक माझ्या लेकीच्या वयाचा आहे आणि मला ‘सर’ म्हणतो. हा शब्द माणसाला खुर्चीतून उठवण्यासाठी वापरतात हे मला कळतं. तीस वर्षं मी कोर्टाच्या बातम्या केल्या. आता मुलांचं पान. विज्ञानवाली मुलगी नोकरी सोडून गेली, म्हणून म्हणाला, सर, पाणी वाळतं म्हणजे रेणूंच्या पातळीवर नेमकं काय होतं, आणि परत वाफेचं पाणी कसं होतं, सहाशे शब्द, सोपं करून. मी म्हटलं, संस्कृत घेतलेल्या माणसाला सोपं करून लिहिणं जड जात नाही. तो म्हणाला, ‘तीवर’ वगैरे नको सर.

त्याने माझं पत्र वाचलेलं असणं शक्य नाही. तरी चमकलो.

८ जानेवारी

हिच्या कपाटात हिची जुनी वही सापडली. निळी शाई, बारीक अक्षर, समासात मुलांची नावं आणि ‘हा ऐकत नाही’ असे शेरे. वहीचा आधार घेतला असं म्हणता येणार नाही. संदर्भ पाहिले.

लेख एकटाकी उतरला. गाभा इथे नोंदवून ठेवतो, कारण संपादक कापणार.

‘पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात, पण स्वस्थ नसतात. सतत धक्काबुक्की. सगळ्यांचा वेग सारखा नसतो. पृष्ठभागाजवळ एखाद्याला पुरेसा वेग मिळाला की तो शेजाऱ्यांचे हात सोडवतो आणि हवेत निघून जातो. त्यासाठी पाणी उकळायला लागत नाही. दोरीवरचा ओला शर्ट तेच करतो. जे सर्वांत वेगवान, ते आधी जातात. मागे राहतात ते मंद. म्हणून वाळता वाळता पाणी गार होतं. हवेत गेलेला रेणू दिसत नाही, पण नाहीसा झालेला नसतो. तो भटकत भटकत एखाद्या थंड भिंतीपाशी येतो, तिथे त्याचा वेग कमी होतो, दुसरे मंद रेणू त्याला धरतात, आणि धरलेल्यांचा थेंब होतो. झोपलेला माणूससुद्धा सकाळपर्यंत श्वासातून पेलाभर पाणी खोलीत सोडतो. भांडं बंद असेल तर शेवटी जितके जातात तितकेच परत येतात, आणि पाणी आहे तेवढंच राहतं.’

व्याकरणाच्या भाषेत वाफ होणं म्हणजे विग्रह आणि थेंब होणं म्हणजे संधी, असं एक रत्नही शेवटी जडवलं होतं.

लिहिताना चार शर्ट, दोन टॉवेल आतल्या दोरीवर टाकले. खोली उबदार वाटते.

१३ जानेवारी

छापून आला. विग्रह-संधी कापलं. बाकी जसंच्या तसं. ऑफिसात तिघांनी कौतुक केलं. लिफ्टमध्ये एकाने विचारलं की हे खरंच तुम्ही लिहिलंत का. कौतुकाचीच एक तऱ्हा.

संध्याकाळी लेकीचा फोन. आईने दोनदा वाचला, म्हणाली. एका वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली. कोणत्या? ‘थंड भिंतीपाशी येतो’ त्या. मग खूप हसली, मग खोकला आला.

भाषेचा परिणाम उशिरा होतो, पण होतो. तिला ते वाक्य आवडलं.

१५ जानेवारी

बुरशी खिडकीच्या चौकटीपर्यंत आली. वरच्यांचं उत्तर नाही. दुसरं पत्र. ‘आपले मौन ही संमती समजावी काय?’

सकाळी वरून पाण्याचा आवाज स्पष्ट ऐकला. किटली बंद केल्यावर थांबला.

१७ जानेवारी

प्लंबर आणला. हा माणूस बोलतो फार. छताला हात लावला, म्हणाला, साहेब, वरून गळत असतं तर छत ओलं असतं, छत खडखडीत आहे. मी म्हटलं, तुम्ही नळाचं बघा, तर्काचं मी बघतो. त्याने दोरीवरचे शर्ट पाहिले, किटली पाहिली, खिडकीच्या फटीत मी कोंबलेली वर्तमानपत्रं पाहिली. त्यातल्या एका पानावर माझाच लेख होता. तो वाकून वाचत राहिला.

मग म्हणाला, ‘साहेब, हे तुम्हीच लिहिलंत ना? माझ्या मुलीने वाचून दाखवलं परवा.’

हो म्हटलं.

‘मग मला कशाला बोलावलंत?’

सामान्य माणसाला लेख आणि घर यांतला फरक कळत नाही.

जाताना त्याने स्वयंपाकघरातल्या फॉइलचा एक चौकोन भिंतीवर चारी बाजूंनी टेप लावून चिकटवला. दोन दिवसांनी बघा म्हणाला : पाणी मागच्या बाजूला आलं तर भिंतीतलं, पुढच्या बाजूला आलं तर खोलीतलं. हे कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं.

१९ जानेवारी

फॉइल. पुढच्या बाजूला थेंब, मागची कोरडी.

उलटं चिकटवलं असणार.

शिवाय साधा हिशेब आहे. ही गेल्यापासून रोज रात्रीचा एक पेला कमी झाला, तरी भिंत ओलीच. म्हणजे श्वासाबिसाचा काही संबंध नाही. मुद्दा हिला फोनवर सांगणार होतो, पण संकल्प आठवला. लेकीने विचारलं, बाबा, प्लंबर काय म्हणाला? तपास चालू आहे म्हटलं. कोर्टात हेच म्हणतात.

२१ जानेवारी

तिसरं पत्र. यात मृदू काही ठेवलं नाही. ‘आपल्या बेफिकिरीमुळे एका कुटुंबाची फाटाफूट झाली आहे, याची आपणास जाणीव असावी.’ मोठ्याने दोनदा वाचून पाहिलं. सरकवलं.

२२ जानेवारी, दुपारी

दूध करपलं. पूर्ण. पातेलं कामातून गेलं. शर्टांना वास लागेल म्हणून दोरी सोडून सगळे कपडे बाहेर गॅलरीत टाकले आणि फटीतली वर्तमानपत्रं काढून खिडकी उघडली. तात्पुरती. भिंतीशी संबंध नाही. कानाला मफलर.

किटलीलाही करपट वास लागला आहे. चहा ऑफिसातच घेईन.

२५ जानेवारी

वास जात नाही. खिडकी उघडीच.

कोपऱ्यातला डाग आखडल्यासारखा दिसतो.

२८ जानेवारी

भिंत कोरडी! हात फिरवला, नखाने खरवडलं, बुरशीची नुसती भुकटी पडली. तीन दिवस आधी संकल्प पुरा. तिसऱ्या पत्राने काम केलं. लोकांना कठोर शब्दच समजतात. वरच्यांनी मुकाट्याने नळ दुरुस्त करून घेतला, उत्तर मात्र दिलं नाही. स्वभाव.

हिला कळवलं.  म्हणाली, रविवारी येते, लेक गाडीने सोडेल.

भुकटी पुसून काढली. नवीन पातेलं आणलं. तिच्या बाजूची उशी उन्हात टाकली. हिने खूप बोलू नये म्हणून मीच बोलायचं ठरवलं आहे. मुद्दे काढून ठेवले.

१ फेब्रुवारी, रविवार

आली. चपला काढून सरळ आतल्या खोलीत गेली. भिंतीवर तळहात ठेवून बराच वेळ उभी राहिली. ताप बघतात तसा. खोकली नाही.

काय केलंत, तिने विचारलं. मी मुद्द्याप्रमाणे सांगितलं : तीन पत्रं, चढता क्रम, शेवटच्या पत्राचा परिणाम. आपण आपलं लेखी ठेवावं. वरच्यांना धडा मिळाला.

लेक म्हणाली, ‘बाबा...’ आणि थांबली.

ही स्वयंपाकघरात गेली, खिळ्यावरची लाल दोऱ्याची किल्ली काढली आणि जिना चढायला लागली. आम्ही मागोमाग.

किल्ली वरच्या दाराला लागली. दार उघडताना खाली कागदांना अडलं. जोर लावून उघडलं. माझी तीन पाकिटं. एकही फोडलेलं नाही. आत एक खुर्चीसुद्धा नाही. फरशीवर बोटभर धूळ, खडखडीत कोरडी. हिने न्हाणीघरातला नळ सोडला. त्याने नुसती हवा सोडली.

नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच ते घर सोडून गेले म्हणे. पाण्याचा मुख्य व्हॉल्व बंद करून किल्ली हिच्याकडे ठेवून. हिने मला त्याच दिवशी सांगितलं होतं. मी प्रूफं तपासत होतो, हे तिलाही आठवत होतं.

लेकीला हसू फुटलं. आईकडे पाहून तिने ते आवरलं.

हिने पाकिटं उचलली, धूळ झटकली, माझ्या हातात दिली. मग विचारलं, खिडकी उघडलीत ना?

दूध करपलं होतं, मी म्हणालो. वासासाठी. तात्पुरती.

ती दाराशी उभी राहिली. आवाज वर्गातला नव्हता.

‘“तू सांगत होतीस” एवढं म्हणाला असतात तरी चाललं असतं. बॅग खाली गाडीत आहे माझी.’

मी म्हणणार होतो. तोंड उघडलंही. पण माझ्या तोंडून निघालं ते असं : पण आवाज येत होता वरून.

तिने दाराला कुलूप घातलं. खाली येऊन कपाटातली निळी वही घेतली, बाकी काही नाही. उशी तशीच राहिली. बॅग गाडीतून उतरली नाही.

३ फेब्रुवारी, सकाळी

‘तू सांगत होतीस.’ आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं. तीन शब्द. उच्चार शुद्ध. मग लगेच फोन लावला, विसरण्याआधी.

तिनेच उचलला. काय, म्हणाली.

मी विचारलं, दूध किती आचेवर ठेवायचं.

मंद, म्हणाली. आणि थांबली. बराच वेळ थांबली. फोन ठेवलेला नव्हता. श्वास ऐकू येत होता.

मी बरं म्हटलं आणि ठेवला.

भिंत कोरडी आहे. खिडकी लावून घेतली. थंडी आहे म्हणून.