थर्मासमधला मासा

२८ इस्फंद
आज लघवी अडीच लिटर! चार वर्षं थेंबाथेंबाला महाग झालेली मी, आणि आता भांडं पुरत नाही. दादाने दिलेलं मूत्रपिंड अगदी दादासारखंच – एकदा सुरू झालं की थांबायचं नाव नाही. डॉक्टर सोहराबपूरबाई म्हणाल्या, असंच चाललं तर नवरोजच्या सुट्टीतच घरी. म्हणजे शिराझमधला नारिंगांचा बहर यंदा खिडकीतून नाही, झाडाखाली उभी राहून हुंगणार!
गोळ्यांनी तोंड गरगरीत झालंय आणि उगाचच हसू येतं. शेजारच्या खाटेवरची गुलअंदामबीबी म्हणते, "पोरी, हसून टाके उसवशील." तिचं मूत्रपिंड तीन आठवड्यांचं. अपघातात गेलेल्या कुणा मुलाचं. त्याचं नावही तिला माहीत नाही, तरी रोज सकाळी त्याच्यासाठी दुआ मागते.

२९ इस्फंद
आज वर्षाचा शेवटचा दिवस; नवरोजचा थाळा मांडायचा आणि त्यात शकुनाचा जिवंत मासा नाही? बर्दियादादाच्या मागे लागले. जंतूंच्या भीतीने इथे फुलं नाहीत, कच्चा पाला नाही, जनावर तर मुळीच नाही – दारावर मोठ्या अक्षरांत लावलंय. तो आला कूस धरून, म्हाताऱ्यासारखा, हातात चहाचा थर्मास. नर्सने विचारलं चहा का, तर म्हणे, "हो, पण गार झालाय." थर्मासमध्ये सोनेरी मासा! बीबी तर पदरात तोंड घालून हसली. आता तो लोणच्याच्या बरणीत, आमच्या दोघींच्या मधल्या कपाटात.

१ फरवर्दीन
वर्ष पालटलं त्या क्षणी मासा गर्रकन वळला! मी पाहिलं. दादा म्हणतो तो सकाळपासून वळतोच आहे. त्याला कशाचीच कदर नाही. मी बोट बुडवून माशाला नव्या वर्षाच्या शुभेच्छा दिल्या.

३ फरवर्दीन
ताप. एकोणचाळीस. रक्तातलं क्रिएटिनिनही चढलंय, म्हणजे मूत्रपिंड मंदावलंय.
बाईंनी नीट समजावलं. एक तर माझं अंग दादाच्या मूत्रपिंडाला परकं समजून हाकलतंय, नाहीतर कुठला जंतू शिरलाय. पहिलं असेल तर प्रतिकारशक्ती पार दाबणारं जालीम औषध. पण दुसरं असेल तर त्याच औषधाने जंतूला रान मोकळं, आणि मी संपले. म्हणून रक्तात प्रोकॅल्सिटोनिन मोजायचं. जंतू असला की ते उसळतं.
आकडा आला ०.२. म्हणजे जंतू नाही. रडले. दादाने एवढं पोट फाडून दिलं आणि मी हाकलून देतेय.
बाई मात्र म्हणाल्या, "ताप आत्ताच चढलाय. रक्ताला बोलायला वेळ लागतो. उद्या सकाळी पुन्हा, मगच औषध."

४ फरवर्दीन
११! जंतूच! जंतू मिळाल्याचा इतका आनंद जगात कुणाला झाला नसेल. दादा वाचला – म्हणजे त्याचं मूत्रपिंड. प्रतिजैविक सुरू. बाईंनी विचारलं, बाहेरचं काही खाल्लं? फूल, माती, प्राणी? मी म्हटलं, छे. खोटं बोलताना कान तापले, पण ताप होताच.

५ फरवर्दीन
ताप उतरला. आकडा ४. बरणीतलं पाणी एकदम स्वच्छ – दादाने बदललेलं दिसतंय. गुणी!

६ फरवर्दीन
आकडा ०.९! परवा घरी! औषध लागू पडलं, माशाचं कुणाला कळलं नाही, सगळं कसं फत्ते. बाई सुट्टीवर गेल्या. दादाला सांगितलं, येताना थर्मास आण, पाहुण्यालाही घरी न्यायचंय.

७ फरवर्दीन, सकाळ
रात्रीपासून बीबीला ताप. तिचंही क्रिएटिनिन चढलंय. सुट्टीतले तरुण डॉक्टर आले. आकडा ०.३, म्हणजे जंतू नाही, म्हणाले. दहा वाजता ते जालीम औषध लावणार. मी सांगायला गेले की माझाही पहिला आकडा असाच होता. "प्रत्येकाचं वेगळं असतं, खानुम," म्हणाले आणि पडदा ओढला. खरंच असेल वेगळं. मला कुठे डॉक्टरकी येते? उद्या घरी जायचंय.

७ फरवर्दीन, पावणेदहा
बीबीने पडद्याखालून हात घातला. सुईने काळानिळा झालेला. "पोरी, तू तापात पडली होतीस ना, तेव्हा तुझ्या माशाचं पाणी मीच बदललं. आता मला उठवत नाही. तू बघ त्याचं."
बरणी उचलली, अनवाणी गेले आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.