दहा हॉर्सपॉवरची मोटर

४ एप्रिल १९८३, सोमवार
रेणापुरात शास्त्र कुणालाच नको. वीट आला. नववीला आज ‘शक्ती’ शिकवली. शक्ती म्हणजे काम भागिले वेळ. तेच काम कमी वेळात झालं, तर शक्ती जास्त. इतकं सोपं. अर्धा वर्ग पाण्याला गेलेला, उरलेला पेंगत होता.

संध्याकाळी सरपंच साहेबराव घरी आले. लातूर जिल्हा झाला, म्हणून नव्या ऑफिसातून आमच्या गल्लीच्या विहिरीला मोटर मिळणार म्हणे. किती हॉर्सपॉवरची पाहिजे, ते हिशेबासकट लिहून द्यायचं. शेवटी आलेच माझ्याकडे.

५ एप्रिल
हिशेब केला. टाकी दहा हजार लिटरची, पाणी वीस मीटर वर चढवायचं, वेळ एक तास. उत्तर साडेपाचशे वॅट, म्हणजे पाऊण हॉर्सपॉवर. शिसारी आली. नव्या जिल्ह्याकडं पाऊण घोडा मागायचा? एका तासाऐवजी पाच मिनिटं धरली. उत्तर नऊ. वर एक घर्षणाला. दहा.

मोटर बसवणारा पंचाक्षरी म्हणाला, ‘गुरुजी, दोनची लई झाली. हिरीचा झरा बारीक हाय.’ सूत्रात झऱ्याला अक्षर नाही, हे त्याला कोण सांगणार. सांगितलं. हसला. अडाणी.

१ मे
मोटर बसली. उमादेवी घागरी भरून ठेवायला निघाली होती. मी अडवलं. उद्या पाच मिनिटांत टाकी भरणार, आज उगं दोर कशाला ओढायचा? बायकोलासुद्धा विश्वास नाही.

२ मे, सकाळ
नारळ फुटला. बटण दाबलं. मांडीएवढी धार. मी घड्याळ धरून उभा. सरपंचांनी माझी पाठ थोपटली.

मग धार गढूळ झाली. मग नुसता चिखल. मग पाइपातून गुळण्या केल्यागत आवाज. पंचाक्षरी बंद करायला धावला. मी म्हणालो, थांब, अजून पूर्ण शक्ती लागली नाही.

जळका वास आला.

शेजारच्या धुरपताबाईनं विचारलं, ‘गुरुजी, आता प्यावं काय?’ मी म्हणालो, हिशेब बरोबर आहे, विहीर चुकली. तिनं रिकामी घागर उचलली नि निघाली. असल्या लोकांत राहायचं म्हणजे शिक्षा.

२ मे, दुपार
मोटर जळाली. झरा गाळानं बुजला. टाकीत आलेला चिखल प्यायच्या कामाचा नाही. घरात प्यायला तांब्याभर.

३ मे
गाळ काढायला घरटी एक गडी द्यायचा ठरलं. उमादेवीनं मला न विचारता माझं नाव दिलं. सकाळीच खाली उतरलो. गाळ उपसून झरा मोकळा केला. बाकीचे दमून वर गेले, वाटीनं घागर भरायला मला ठेवलं. दोऱ्याएवढी धार. वाटी भरेपर्यंत नुसतं बसायचं. घाई केली की चिखल येतो.

वरून धुरपताबाईनं हाक मारली, ‘गुरुजी, दमलाव का?’

न्हाई, म्हणालो. वाटी अजून भरायची होती.