तळ्याच्या वळणावरची पांढरी गाडी

शनिवार, ८ मार्च

प्रिय भिंगरी,

ताईचे खूप आशीर्वाद. तू आणि तुझी बायको बरे असाल. इकडे मीही बरी आहे. उजवं कोपर अजून पुरतं वळत नाही, पण लगाम धरायला मनगट लागतं आणि मनगट शाबूत आहे. मागच्या खोलीचं छप्पर गळत होतं ते दुरुस्त करून घेतलं. शेजारणीचा रेडिओ एकदाचा बिघडला, त्यामुळे गल्ली शांत आहे. तीच तेवढी हळहळते, बाकी कोणी नाही.

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. एका अर्थी बरंच झालं. फोनवर तू ‘ताई, गाडी चालवतोय, मग बोलतो’ म्हणतोस आणि तुझं ते ‘मग’ कधी उजाडत नाही. हे पत्र तुझ्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात टाकलेलं नाही. स्वतः येऊन तुझ्या दाराखालून सरकवणार आहे.

चिमणी खाते-पिते. गुडघ्यावरची जखम भरत आलीय. मोटार जवळून गेली की मात्र भिंतीला अंग घासत उभी राहते, कान मागे टाकून. बाबांच्या हातची घोडी ती, लग्नाच्या बँडलाही कधी दचकली नाही. आता नुसत्या स्कूटरला दचकते.

काय झालं ते पेपरात वाचलं असशील. ‘घोडी उधळली, वृद्धा जखमी.’ खाली कोणा वाचकाचं पत्रही होतं, की घोडागाड्या आता शहरातून हाकलाच. बातमीत खोटं काही नाही म्हणा, पण पेपरात जे आलं ते अर्धंच आहे. उरलेलं माझ्याकडून ऐक.

त्या दुपारी सरकारी दवाखान्यापाशी एक म्हातारं जोडपं माझ्या बग्गीत बसलं. आजोबा शिंपी, अजूनही मशीन चालवतात. आजींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर पट्टी. आजोबा म्हणाले, ‘रिक्षात दणके बसतात. डॉक्टर म्हणाले डोक्याला हादरा नको. तुमची गाडी सावकाश जाते, म्हणून आलो.’

तळ्याचं वळण तुला ठाऊक आहे. बाबा तिथे नेहमी घोडी संथ चालीवर आणायचे. मीही आणली. डावीकडे दगडी कठडा, समोरून बस येत होती. मागून हॉर्न आला. एकदा वाजवून गप्प बसणारा नव्हे, दाबून धरलेला. मी हात वर करून थांबायची खूण केली. क्षणभर दम धरला असता तर बस निघून गेली असती आणि मी बाजू दिली असती.

पांढरी गाडी बस आणि आमच्या मधल्या फटीत घुसली. तिचा आरसा बग्गीच्या दांडीवर आदळला. चिमणी मागच्या पायांवर उभी राहिली आणि मग उधळली. लगाम मी सोडला नाही. चाक कठड्यावर चढलं आणि बग्गी आडवी झाली.

आजी ओरडल्या नाहीत. डोळ्यावर पट्टी, त्यांना काही दिसतच नव्हतं. मी खुरडत त्यांच्यापर्यंत गेले, तर रस्त्यावर पडल्या पडल्या मला विचारतात, ‘पोचलो का गं?’

त्यांच्या खुब्याचं हाड मोडलंय.

पांढरी गाडी पुढे जाऊन जराशी मंदावली. मला वाटलं, थांबतेय. मग गेली.

हवालदाराने तिथेच विचारलं, ‘गाडी कुणाची? नंबर?’ मी म्हटलं, ‘पांढरी होती. धूळ उडाली, पुढचं दिसलं नाही.’ भिंगरी, त्या रस्त्यावर धूळ नाही. तळ्याकाठी सकाळ-संध्याकाळ पाणी मारतात.

थांब्यावरचे म्हातारे काका, ज्यांनी बाबांना साज चढवायला शिकवलं, ते काल घरी आले. चहाही घेतला नाही. म्हणाले, ‘पोरी, तुझ्या एकटीचा प्रश्न असता तर मी आलो नसतो. घोडी बावचळली असं ठरलं तर सगळ्याच गाड्या बंद होतील. आम्ही जनावरं घेऊन जायचं कुठे? तू नक्की काही पाहिलं नाहीस?’ मी म्हटलं, ‘नाही.’ त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

दवाखान्यात शिंपी आजोबांनी तर एकच विचारलं, ‘घोडी बिथरली की बिथरवली, तेवढं सांग. मीच हिला तुझ्या गाडीत बसवलं, मला रात्रंदिवस तेच खातंय.’ मी त्यांच्यासाठी फळं नेली होती. ती ठेवून पळून आले.

आता तुझ्या फोनचं. त्या संध्याकाळी तू फोन केलास. ‘ताई, बरी आहेस ना?’ एवढंच. एरवी तू आधी चिमणीची चौकशी करतोस, मग माझी. मी त्यावरून तुला चिडवतेसुद्धा. त्या दिवशी तू चिमणीचं नावच घेतलं नाहीस. आणि मी तोवर तुला काहीच सांगितलेलं नव्हतं.

आरसा आदळला तेव्हा तुझी मान वळली होती. मी तुला पाहिलं. तू मला पाहिलंस.

तुला पायाला भिंगरी लावूनच पाठवलंय असं आई म्हणायची आणि आम्ही हसायचो. तू मोटारीकडे वळलास तेव्हा बाबांना वाईट वाटलं, मला नाही. घोड्यामागे दोघांनी कशाला मरायचं? पण तुझ्याबरोबर बसून आले त्या एकदाच्या प्रवासात मी दाराचं हँडल धरून बसले होते, आठवतं? तू म्हणालास, ‘ताई, तुला टपटप चालीची सवय, म्हणून घाबरतेस.’ मला तेव्हाच तुझ्या थोबाडीत द्यायला हवी होती.

सोमवारी सकाळी दहाला वाहतूक शाखेत माझा जबाब आहे. तू आधी ये. स्वतः सांग. मी तुझ्या शेजारी उभी राहीन, वकील बघू, जे होईल ते निस्तरू. नाही आलास तर मी खोटं बोलणार नाही. एकदा बोलले, पुरे झालं.

ये रे.

वाट पाहणारी,
ताई

गुरुवार, २० मार्च

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद. तू माझ्या नावाने बोटं मोडतोयस हे कळलं, तरी आशीर्वाद.

सोमवारी मी लवकरच जाऊन बाकावर बसले. फाटकातून पांढरी गाडी आत आली की उठून उभी राहायची, आणि आतून कुणी परकाच उतरायचा. शिपायाला वाटलं मला बसायला जागा टोचतेय. त्याने खुर्ची आणून दिली. माझी हाक आली तेव्हा मी त्याला म्हटलं, ‘जरा थांबता का, माझा माणूस यायचाय.’ तो थांबला. साहेब थांबले नाहीत.

साहेबांनी आधी घोडीचंच विचारलं. ‘पूर्वी कधी उधळली होती?’

‘कधीच नाही.’

‘मग त्या दिवशी काय झालं?’

मी सगळं सांगितलं. बस, कठडा, हॉर्न, आरसा. ते लिहून घेत होते. मग म्हणाले, ‘पहिल्यांदा तुम्ही सांगितलंत, गाडी ओळखता आली नाही. आज येते?’

दारापाशी कुणी आलंय का म्हणून मागे वळून पाहिलं. शिपाई होता.

‘चालवणाऱ्याला ओळखते,’ मी म्हटलं आणि तुझं नाव सांगितलं.

‘नात्यात?’

‘सख्खा धाकटा भाऊ.’

त्यांनी पेन खाली ठेवलं. शिपायाला म्हणाले, ‘यांना पाणी दे.’ पाणी प्यायले आणि खाली सही केली. सही वाकडी आली. कोपरामुळे.

तुझी गाडी नेली, लायसन्स गेलं, मालकाने हिशेब मिटवून घरी बसवलं, हे सगळं मला काकांकडून कळलं. ‘माझी बहीण मेली’ असं तू चौकात ओरडलास, हेही कळलं. थांब्यावर दोन्ही तऱ्हा आहेत. कोणी म्हणतं, हिने आपल्याला वाचवलं. कोणी माझ्या पाठीमागे म्हणतं, रक्ताचा भाऊ विकला. पहिले मला पाहून हसतात, दुसरे खाली बघतात, आणि मला दोघांशीही बोलावंसं वाटत नाही.

गाड्या बंद झाल्या नाहीत. तळ्याच्या रस्त्याला आमच्यासाठी कडेची पट्टी आखून देणार आहेत, वळणावर मोटारींना पुढे काढायला मनाई, आणि आम्हाला गर्दीच्या वेळी बाहेर पडायचं नाही. बग्गीच्या मागे चमकणारे तुकडे लावायचे. ठीक आहे. हे आधीच व्हायला हवं होतं. आमच्यातलेही काही जण गिऱ्हाईक खूश करायला घोडे पळवतात, हे मी साहेबांना सांगून आले. त्यामुळे आता हसणारेही कमी झालेत.

आजींच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. चालतील, पण काठी घेऊन. शिंपी आजोबांना मी सगळं सांगितलं, तो कोण होता तेही. त्यांनी आजींची उशी सारखी केली. मग म्हणाले, ‘तुला हे सांगणं सोपं गेलं नसणार.’ एवढंच. तुला माफ केलं असं म्हणाले नाहीत आणि मी विचारलंही नाही.

परवा तुझी बायको आली होती. तिला रागावू नकोस, मी बोलावलं नव्हतं. दारातच रडायला लागली. मला वाटलं, आता शिव्या घालेल, घालू दे. पाणी पिऊन म्हणाली, ‘ताई, गाडीत त्यांच्या शेजारी बसले की मी डोळे मिटून घ्यायचे. रात्री पायऱ्यांवर पाऊल वाजेपर्यंत झोप यायची नाही. गेले काही दिवस मी झोपतेय. हे कुणाला सांगायचं?’ मग पुन्हा रडली. घरात पैसा नाही आणि तिला झोप लागतेय, याचीच तिला लाज वाटते. भिंगरी, हे तिने तुला सांगितलं नसेल. मी सांगतेय, कारण मला आता तुझ्यापासून काही झाकून ठेवायचं नाही.

केस उभी राहील. मला समन्स येईल आणि मी जाईन. तिथेही जे पाहिलं तेच सांगेन, तू समोर उभा असलास तरी. तुझा वकील मला उलटसुलट विचारेल. विचारू दे. साक्ष संपली की मात्र मी बाहेर तुझ्याच बाकावर येऊन बसणार आहे. तू उठून गेलास तर जा. मी दोघांपुरतं जेवण घेऊन येईन.

तुझ्याविरुद्ध बोलणारी,
तुझ्याशिवाय कुणी नसलेली,
ताई